पाहून आलो

आमची भिंगरी सव्वीस वर्षांची झाल्यावर तिने मला पहिल्यांदा विचारलं, "बाबा, तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?"

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, जुन्या कॅलेंडरची उलटी केलेली पानं, तीन रंगांची पेनं आणि माझं ताट असा पसारा होता. त्यातलं ताट तेवढं कडेला ढकललेलं होतं. मी म्हटलं, "लिफ्ट दुरुस्त करतो. इतकी वर्षं तुला काय वाटलं, मी बागेत फिरायला जातो?"

"तसं नाही हो. क्रमाने सांगा. सकाळी ऑफिसात गेलात. मग?"

"मग चहा पितो."

तिने पानावर एक चौकोन काढला आणि आत 'चहा' असं लिहिलं. मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. पण नाही, चौकोनातून बाण काढून ती पेन रोखून बसली. "चहानंतर?"

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "चहानंतर दुसरा चहा. लिही तू."

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून मीच ठेवलेलं. दोन वर्षं ती दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करत होती. एक दिवस बॅगा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, आता मी माझं स्वतःचं काहीतरी करणार. काय करणार, तर बाहेर हिंडून यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसांची कामं सांभाळणारं ॲप. कोणी कुठे जायचं, कधी पोहोचला, काय केलं, काय सामान लागलं, सगळं एका जागी. मी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नव्हतं, पण पोरगी घरी आली होती ना, तेवढं मला पुरे होतं.

मी एका लिफ्ट सांभाळणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं मेकॅनिक आहे. आम्ही चौदा जण, आणि आमच्या गळ्यात शहरातल्या चारशेच्या वर लिफ्ट. लोकांचा फोन येतो तो ऑफिसातल्या ताईंना. ताई मोठ्या रजिस्टरात तक्रार लिहितात आणि आमच्यातल्या कोणाला तरी फोन करून पिटाळतात. सगळा कारभार त्या एका रजिस्टरवर आणि ताईंच्या तोंडावर चालायचा, आणि दोन्ही भक्कम होती.

तर भिंगरी मला न विचारता, न सांगता थेट आमच्या साहेबांना जाऊन भेटली. आमचे साहेब म्हणजे थोरल्या साहेबांचा मुलगा. नवीन काही दिसलं की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी तिला सहा आठवडे दिले. चौदा जणांनी ॲप वापरून पाहायचं. चाललं तर कंपनी ते घेणार, नाही चाललं तर रामराम. इकडे तिच्या जुन्या कंपनीनेही तिची जागा तेवढेच दिवस धरून ठेवली होती. म्हणजे हिशेब सरळ होता. ॲप चाललं तर पोरगी घरात, नाही चाललं तर पोरगी पुन्हा नऊ तासांच्या प्रवासापलीकडे.

मी लपवत नाही, मला ती घरात हवी होती. दोन वर्षं तिच्या खोलीत आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवत होतो. तिच्या खोलीत जायला काहीतरी कारण पाहिजे म्हणून मी रुमालसुद्धा इस्त्रीला टाकत होतो.

ॲप तयार झालं. दिसायला गोड होतं, खोटं कशाला बोलू. पाच मोठी बटणं: निघालो, पोहोचलो, काम सुरू, आणि शेवटी झालं किंवा झालं नाही. 'झालं नाही' दाबलं की कारणांची यादी उघडायची. रेंज नसेल तिथे मागाहून वेळ घालून नोंद करायचीही सोय होती. भिंगरीने आम्हा चौदा जणांना सामानाच्या खोलीत बसवून सगळं शिकवलं. ग्रीसचे डबे आणि दोरांची वेटोळी यांच्या मधोमध ती उभी होती आणि तिचा आवाज किंचित कापत होता. तो फक्त मला ऐकू आला.

पहिल्या आठवड्यात तीनशेच्या वर कामांवर अकरा नोंदी आल्या. त्यातल्या नऊ माझ्या होत्या.

कोणाचा दोष नव्हता. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला माणूस कोपरापर्यंत ग्रीसमध्ये असतो, तो काय कपाळाने बटण दाबणार? गच्चीवरच्या मशीन रूममध्ये मोटरचा आवाज, खाली खड्ड्यात रेंज नाही, आणि दोन्हींच्या मध्ये उभे असलेले रहिवासी, "अजून किती वेळ?" म्हणून डोकं खाणारे. आमचा उंच्या, जो खरोखरच सहा फूट चार इंच आहे, तो म्हणाला, "काका, फोन काढायचा तर पाना ठेवावा लागतो. पाना ठेवला की तो खड्ड्यात पडतो. पडला की मला पुन्हा उतरावं लागतं. तुमच्या मुलीला सांगा, मी असा दिवसभर वरखाली करायला लागलो तर लिफ्ट कशाला पाहिजे?"

मी घरी काही सांगितलं नाही. भिंगरी जेवायची उभ्या उभ्या, ओट्याला टेकून. ती लहानपणी परीक्षेचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी असंच जेवायची. मला ते बघवेना.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांना सामानाच्या खोलीत गोळा केलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "माझी मुलगी आहे ती. तुमच्यातल्या अर्ध्यांना मी हाताला धरून पाना पकडायला शिकवलंय. बटण दाबायला तुमचं काय जातं?"

उंच्या म्हणाला, "काका, एक काम करा. आमचे फोन तुम्हीच घ्या आणि तुम्हीच दाबा."

तो वैतागून म्हणाला होता. मला मात्र ते एकदम पटलं.

त्या दिवसापासून आमचा नवा रिवाज सुरू झाला. पाच वाजता सगळे परत आले की चौदा फोन सामानाच्या खोलीतल्या टेबलावर, दवाखान्यातल्या पेशंटसारखे ओळीने. बाकीचे हात धुवायला आणि चहाला. मी चष्मा लावून, ताईंचं रजिस्टर मांडीवर घेऊन एकेक फोन उचलायचो. निघालो, पोहोचलो, सुरू, झालं. पुढचा. आणि उगाच कशाला विनय दाखवू, मी ते काम कलाकुसरीने करत होतो. उंच्याला नेहमी पाच मिनिटं जास्त द्यायचो, कारण तो खरंच रेंगाळतो. एखाद्याला मध्येच ट्रॅफिकमध्ये अडकवायचो. पस्तीस मिनिटांत चौदा माणसांचा दिवस उभा करायचो मी.

दाबायचो मात्र फक्त 'झालं'. त्याचं एक कारण असं की 'झालं नाही' दाबलं की ती यादी उघडायची, आणि चौदा फोनांवर कोण बसणार यादी वाचत? दुसरं कारण जरा खोल आहे. आमच्या धंद्यात 'झालं नाही' असं कोणी म्हणतच नाही. लिफ्ट तपासली, बिघाड सापडला, पण सामान लागणार आहे किंवा दुसऱ्या माणसाची मदत हवी आहे, अशा वेळी आम्ही ताईंना फोन करून सांगतो, "ताई, पाहून आलो." ताई रजिस्टरात 'पा. आ.' लिहितात, पुढे काय लागेल ते विचारतात, सामान मागवतात, आणि आलं की पुन्हा पाठवतात. निम्मी कामं अशीच दोन फेऱ्यांत होतात. त्यात लाज कसलीच नाही. पण 'झालं नाही' म्हटलं की कसं, हरल्यासारखं वाटतं. आता ॲपमध्ये 'पाहून आलो' असं बटणच नव्हतं. मग मी 'झालं' दाबत गेलो, कारण आज ना उद्या ते होणारच होतं, आणि बाकीचं सगळं ताईंच्या रजिस्टरात सुखरूप होतं.

दुसऱ्या आठवड्यात शंभर टक्के नोंदी. भिंगरी घरात गाणं म्हणायला लागली. बसून जेवायला लागली, वर मागून वाढून घ्यायला लागली. टेबलावर लॅपटॉप फिरवून मला रंगीत आलेख दाखवायची. "बघा ना बाबा, दाराच्या तक्रारीला सरासरी बत्तीस मिनिटं! आणि जवळजवळ सगळं पहिल्याच फेरीत! तुम्ही लोक किती भारी आहात!"

"आहोतच," मी म्हणालो. ही माझ्याकडे भुवया चढवून बघत होती. एकतीस वर्षं माझ्याशी संसार केलेल्या बाईला मी कधी काय लपवतो ते वासाने कळतं. ती तेव्हा काही बोलली नाही. न बोलण्याचीही तिची एक पद्धत आहे, मला त्यापेक्षा भांडण परवडतं.

आता पुढचं सांगतो, कारण इथेच घोडं अडलं. त्या आकड्यांवर भरवसा ठेवून भिंगरीने ॲपचा पुढचा भाग बांधला. कामं आता ॲपच वाटणार. अमक्या कामाला इतकी मिनिटं, मधे प्रवासाला इतकी, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला दिवसाला सात कामं. आम्ही चार करतो, आणि त्यातली दोन 'पाहून आलो' असतात. साहेब तर आनंदाने खुर्चीत मावेनात. चौथ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं की सोमवारपासून कामं ॲप वाटेल, सामान ॲपवरच्या नोंदीप्रमाणे मागवलं जाईल, आणि रजिस्टर बंद. एकच काम दोनदा कशाला लिहायचं? ताईंनी रजिस्टर कपाटात ठेवलं आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण बोललो नाही. खरं म्हणजे भिंगरी साहेबांच्या शेजारी उभी होती आणि हसत होती.

सोमवारी सकाळी चौदा फोनांवर सात सात कामं येऊन पडली. दिवसभर सगळे नुसते धावले. संध्याकाळी टेबलावर फोन आले ते ठेवल्यासारखे नाही, आपटल्यासारखे आले. त्या दिवशी मी स्वतः एका सहा मजली इमारतीत गेलो होतो. दार ज्यावर सरकतं तो रोलर झिजून सपाट झाला होता. दार मध्येच अडकायचं, म्हणून लिफ्ट बंद करून ठेवावी लागली. मी ताईंना फोन केला. "ताई, पाहून आलो. रोलर लागेल."

"मला नका सांगू," ताई म्हणाल्या. "त्या डबीला सांगा. मला आता काही लिहायचं नाहीये."

संध्याकाळी सांगू म्हणून मी फोन ठेवला. आणि संध्याकाळी टेबलावर चौदा फोन, अठ्ठ्याण्णव कामं, सगळ्यांचे वैतागलेले चेहरे, आणि माझा अंगठा. निघालो, पोहोचलो, सुरू, झालं. माझ्या स्वतःच्या फोनवरही झालं, झालं, झालं.

शुक्रवारी दुपारी भिंगरी ऑफिसात ताईंच्या बाजूला बसली होती. फोन वाजला तो तिनेच उचलला. सहाव्या मजल्यावरच्या एक आजी बोलत होत्या. लिफ्ट चार दिवस बंद आहे, कोणी येणार आहे का? भिंगरीने ॲप उघडून पाहिलं. लिफ्ट सोमवारीच दुरुस्त झालेली. ती म्हणाली, "आजी, आमच्याकडे तर झालं असं दिसतंय." आजी म्हणाल्या, "मग तुमच्याकडे येऊन बसते मी लिफ्टमध्ये."

ती तशीच उठली आणि गेली. सहा मजले चढली. हे सगळं तिने मला रात्री सांगितलं, बाकीचं मला नंतर आजींकडूनच कळलं. आजींनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि आमच्या माणसाची तारीफ केली. "गुणी आहे हो. पांढऱ्या मिशांचा, जरा रागीट, पण जाताना माझं पायपुसणं सरळ करून गेला. सगळं पाहून आलो म्हणाला, सामान आलं की येतो." आजींना वॉकर लागतो, जिना जमत नाही. चार दिवस त्या खिडकीत बसून होत्या. खाली बाकावर बसणाऱ्या त्यांच्या मैत्रिणी रोज सकाळी खालूनच हात करायच्या आणि आजी वरून हात करायच्या.

भिंगरी घरी आली तेव्हा मी पेपर वाचत होतो. पर्स खांद्यालाच ठेवून ती माझ्यासमोर बसली.

"बाबा, पाहून आलो म्हणजे काय?"

मी पेपर घडी करायला लागलो. पेपराच्या घडीला माणूस जास्तीत जास्त किती वेळ लावू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

तिने लॅपटॉप उघडला. "सगळ्या नोंदी पाच ते पाच पस्तीस. एकाच खोलीतून. मी हे आधीच पाहिलं होतं हो. मला वाटलं रेंज नसते म्हणून ऑफिसात येऊन भरतात. मला वाटलं किती शिस्तीचे लोक आहेत." तिने लॅपटॉप मिटला. "मी तुमच्या चौदा जणांचा अभ्यास केलाच नाही बाबा. मी चार आठवडे तुमच्या एका अंगठ्याचा अभ्यास करत होते."

"तुझ्यासाठी केलं गं," मी म्हणालो. आवाज माझाच, पण लहान झालेला.

"माहितीये. म्हणून तर इतका राग येतोय. दुसऱ्या कोणी केलं असतं तर नुसती भांडून मोकळी झाले असते."

"तू पुन्हा जाऊ नयेस म्हणून केलं." हे मी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. "ती खोली रिकामी मला नाही बघवत. बस. एवढंच आहे."

तिचे डोळे भरले, पण ती काही विरघळली नाही. माझीच मुलगी. "मग तुम्ही मला सांगायचंत, की बटणं दाबता येत नाहीत. मी घरातच होते ना? याच टेबलावर! तुम्हीच मला चहाचा चौकोन दिलात, आणि पुढचं काहीच दिलं नाहीत."

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "आता दोघं जेवून घ्या, आणि उद्या सकाळी हिला बरोबर घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम केलं ते रोलरचं. भिंगरी बॅटरी धरून शेजारी होती. लिफ्ट सुरू झाली तशा आजी वॉकर घेऊन आत शिरल्या, आम्हा दोघांना उभं राहायला जागा न ठेवता. त्या खाली गेल्या आणि आम्ही जिन्याने उतरलो.

मग पूर्ण आठवडा ती माझ्याबरोबर आणि उंच्याबरोबर हिंडली. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये कोपऱ्यात उकिडवी बसायची, मांडीवर कॅलेंडरचं पान. तिच्या डोळ्यांदेखत उंच्याचा पाना खड्ड्यात पडला, तेव्हा ती इतकी खूश झाली की उंच्या बिचारा बावचळला. काम झालं की आम्ही काय करतो ते तिने पाहिलं. हात पुसायच्या आधी, कोपराने फोन कानाशी धरून आम्ही ताईंना फोन लावतो आणि एका वाक्यात सगळं सांगून टाकतो. ताईंना सांगताना कोणी खोटं बोलत नाही. ताई फोनवरून खोटं ओळखतात.

गुरुवारी ती ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि ताईंना कपाटातून रजिस्टर काढायला लावलं. दुपारभर दोघी पानं उलटत होत्या. मी दोनदा दारातून डोकावलो, दोनदा ताईंनी हातानेच मला हाकललं.

सहा आठवड्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार. साहेबांच्या खोलीत मीटिंग. कामगारांच्या वतीने चार चांगले शब्द बोलायला म्हणून साहेबांनी मलाच बोलावलं होतं. भिंगरी उभी राहिली. तिने रंगीत आलेख दाखवले नाहीत.

"साहेब, तुम्हाला दाखवलेले सगळे आकडे खोटे आहेत," ती म्हणाली.

साहेबांच्या हातातला कप बशीवर आला. "म्हणजे? मी ते बाबांना दाखवलेत. थोरल्या साहेबांना! ते पहिल्यांदा मला शाबास म्हणाले."

"चूक माझी आहे. मी बटणं केली ती माझ्या सोयीची. हाताला ग्रीस असताना दाबता न येणारी. लोकांनी ती कशीबशी भरून दिली. मी तपासलं नाही. त्यामुळे एका इमारतीतली लिफ्ट चार दिवस बंद राहिली आणि ॲप सांगत होतं, झालं."

ती माझं नाव घेणार नव्हती. मला कळलं, ती ते मुद्दाम घेत नव्हती. साहेबांचा चेहरा तापत चालला होता, आणि माझी पोरगी एकटी उभी राहून ते सगळं अंगावर घेत होती. माझ्यानं बसवेना.

"आकडे मी भरले साहेब. चौदा फोन, एकटा मी. ती लिफ्टही माझीच. बाकीच्यांचा काही दोष नाही, आणि हिचा तर मुळीच नाही."

"काका, तुम्ही?" साहेब बघतच राहिले. "पण का?"

"मुलगी आहे माझी."

साहेबांनी बशीतला कप बाजूला सारला. त्यांनाही वडील आहेत, त्याचा उपयोग झाला असावा. शेवटी त्यांनी भिंगरीला विचारलं, "मग खरं काय आहे?"

तिने कॅलेंडरचं पान टेबलावर पसरलं. मेकॅनिकने काही दाबायचंच नाही. काम संपलं की ताईंना फोन, नेहमीसारखा. ताईंसमोर स्क्रीन, ताई ऐकत ऐकत नोंदवणार. झालं, किंवा पाहून आलो, आणि पाहून आलो असेल तर पुढचं सामान आपोआप मागवलं जाणार. कामंही ताईच वाटणार, ॲप फक्त त्यांना कोण कुठे आहे ते दाखवणार. साहेबांनी ते पान सरळ धरून वाचलं, मग उलटं केलं. मागच्या बाजूला जुना मार्च महिना होता.

"मी आता घेतो असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "एकदा तोंडघशी पडलोय. अजून एक महिना. चौदा नाही, तीन माणसं. ताईंची तयारी असेल तर. पुढचं पुढे. वचन काही देत नाही."

"चालेल," भिंगरी म्हणाली. "तीन माणसं मी निवडेन. उंच्यादादा, आणि दोघं मी सांगते. बाबा नकोत."

मला लागलं. खोटं का बोलू, चांगलंच लागलं. मी दाराकडे बघत उभा राहिलो.

बाहेर बसच्या थांब्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. दुपारची वेळ, रस्त्यावर फार कोणी नव्हतं. तिने फोन काढून माझ्यासमोर धरला. जुन्या कंपनीचा निरोप होता. आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, येते की नाही.

"बाबा, एक महिना, तीन माणसं. पुढचं काही नक्की नाही. ती जागा सोडली तर सोडली. तुम्ही खरं सांगा. चालेल हे?"

आयुष्यात एखादा शब्द इतका जिभेच्या टोकावर कधी आला नव्हता. चालेल! पळेल! एकदा म्हटलं की पोरगी घरात. मला एवढंच म्हणायचं होतं, आणि तिला कदाचित एवढंच ऐकायचं होतं. मी समोरच्या दुकानाची पाटी दोनदा वाचली.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तीन माणसांवर चालेल. चौदांचं सांगता येत नाही. ताई आजारी पडल्या तर काय, याचं उत्तर तुझ्या पानावर नाही. साहेबांचा उत्साह महिनाभर टिकेल, याची खात्री मी देणार नाही. माझ्या मते निम्मी शक्यता आहे. कदाचित त्याहून कमी."

ती मान खाली घालून फोनवर काहीतरी लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. मी मनात तिच्या बॅगा भरायला लागलो. निळी मोठी, आणि ती चाक मोडलेली, जी मी दुरुस्त करायची ठेवून दिली होती. बस आली. आम्ही चढलो, मागच्या बाजूला जागा मिळाली. दोन थांबे गेले.

"पाठवलं," ती म्हणाली.

"काय?"

"येत नाही म्हणून कळवलं त्यांना."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. "अगं, पण मी तर म्हणालो, निम्म्याहूनही कमी."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं चालेल म्हणाला असतात, तर मी गेले असते."

आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, भर बसमध्ये, सगळ्यांसमोर. मी आमचा थांबा येईपर्यंत हललो नाही.